करडासाठी मी बाप नाकारला

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रंग जन्मभर चुलीवर राहिलेल्या कढईच्या बुडासारखा होता आणि मी सोललेल्या केळ्यासारखी. वर घारे डोळे आणि भुरे केस. हे सगळं आईकडून आलेलं. ती कोकणातली, आणि तिच्या माहेरच्या मांजरीसुद्धा तिच्याहून कमी घाऱ्या होत्या. आई बरोबर असली की लोक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून आपल्या वाटेने जात. पण मी एकट्या आप्पांचं बोट धरून निघाले, की नाशकात यात्रेला आलेला परका माणूस देव सोडून आमच्याकडेच बघत राही.

आम्ही तांबट. आमच्या आळीत दिवस उजाडायचा तो हातोड्यांच्या ठणठणाटात. त्यात माणसाचा आवाज पोचायचा नाही, म्हणून सगळी आळी हातांनी बोलायची. पाणी आण, भाता ओढ, पाहुणे आलेत, चहा ठेव, पाहुणा चिक्कू आहे, चहा राहू दे, प्रत्येक गोष्टीला खूण होती. आई सांगायची की मी आधी खुणांनी बोलायला शिकले आणि मग तोंडाने. तोंड एकदा उघडलं ते पुन्हा मिटलं नाही, हेही तीच सांगायची. हात रिकामे नसतील तर आम्ही ओरडायचो. आप्पांनी जेवताना ‘मीठ वाढ’ म्हटलं, तर नदीपलीकडे पंचवटीतली कबुतरं उडत.

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सहा वर्षांची होते. पोरं पळवणारी टोळी आल्याची आवई तेव्हा गावात उठली होती. टोळी कुणीच पाहिली नव्हती, पण त्या लोकांच्या मिशा किती लांब, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका बुधवारी आप्पा पंचवटीत गिऱ्हाइकाकडे हंडा पोचवून मला घेऊन परत निघाले. नदीकाठी बाजार भरलेला, आणि बाजारात एक पांढरंशुभ्र करडू.

“आप्पा, घ्या ना.”

“घरात माणसं मावत नाहीत, त्यात हे कुठं निजवू? तुझ्या उशाला?”

मी वाळूत बसकण मारली. आप्पांनी मला बखोटीला धरून उचललं आणि त्यांच्या रीतीने गोडीगुलाबीने समजावलं, म्हणजे असे ओरडले की शेजारचा बैल दावं तोडून गंगापूरच्या वाटेला लागला.

तेवढ्यात यात्रेला आलेली एक वऱ्हाडी म्हातारी पुढे आली. “काऊन रे, कोनाची पोर हाय हे? कोठी नेऊन राहिला तिले?”

“माझी आहे!”

“तुही? आरशात पाह्यलं का कदी?”

झालं. अर्धा बाजार सौदा टाकून गोळा झाला आणि गर्दीमागून हवालदार आला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. “खरं सांग पोरी. हा तुझा बाप आहे?”

मी करडाकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाही. माझा कुणी नाही हा.”

आप्पा पहिल्यांदाच काही ओरडले नाहीत. हवालदाराने दोन पहिलवानांना खुणावलं, त्यांनी आप्पांचे दंड धरले आणि वरात चौकीकडे निघाली. तेव्हा मला कळलं की आप्पा खरंच चालले. मी किंचाळले, “माझेच आहेत ते! करडू नको मला!”

म्हातारीने मला पोटाशी आवळलं. “पाहा, कसं भेलं लेकरू! डोळे वटारले असतील मेल्यानं.” मी जितकं खरं बोलू, तितकी जास्त भेदरलेली ठरत होते.

वीसेक पावलांवर आप्पांनी हिसडा देऊन एक हात सोडवला. पालथा पंजा दोनदा खाली दाबला आणि अंगठा छातीला टेकवला: रडू नको, मी आहे. मीही म्हातारीच्या मिठीतून हात काढून उलटी खूण केली: मीपण येते.

“खुणा!” एक पेरूवाला ओरडला. “टोळीची भाषा आहे ही! पोरीलासुद्धा शिकवली!”

आता मीही टोळीत. बायका दोन पावलं मागे सरल्या आणि आपापले दागिने चाचपू लागल्या. म्हातारीची मिठी मात्र सुटेना.

हवालदार मात्र थांबला आणि माघारी माझ्याकडे आला. “काय म्हणाला तो?”

“रडू नको, मी आहे, असं.”

त्याने मिशीवरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी वाकला. “त्याला खुणेनं विचार, सकाळी तू काय खाल्लंस. तोंडातून शब्द काढायचा नाही.”

मी पाचही बोटं ओठांशी नेली, उगवतीकडे हात केला आणि मनगट फिरवलं. आप्पांचे हात तर पुन्हा पहिलवानांच्या ताब्यात. मग ते तिथूनच गरजले. “सकाळी? खाल्लं कुठं! पिठलं मांजरीला घातलं हिनं, आणि आईचा धपाटा खाल्ला! पाठ बघा, पाची बोटं उठली असतील!”

म्हातारीने माझा झगा वर केला. पाची बोटं होती, अंगठीच्या नक्षीसकट. तिने ती नीट निरखली आणि मिठी सोडली.

“सोडा त्याले. हा तं घरचाच मार हाय.”

“मग आधी नाही का म्हणालीस गं?” हवालदाराने विचारलं.

“करडू दिलं नाही म्हणून.”

असा हशा पिकला की घाटाच्या पायऱ्या हलल्या. हवालदार आप्पांना म्हणाला, “तांबटा, यापुढे पोरीच्या आईलाही बरोबर घेऊन फिर.”

“तिला आणली, तर म्हणाल हिलाही पळवून आणली!”

आप्पांनी मला खांद्यावर घेतलं. लालभडक पत्रा चिमट्यात धरावा, तसे त्यांनी माझे पाय घरापर्यंत धरून ठेवले.

संध्याकाळी सगळी आळी आमच्या ओट्यावर जमली आणि आप्पांनी गोष्ट सांगायला घेतली. पहिलवान दोनाचे सहा झाले, म्हातारी ताडाएवढी उंच झाली. मी आईच्या पाठीमागे दडून एका वाक्याची वाट बघत होते. आता सांगतील, आता सांगतील.

“हवालदारानं हिला विचारलं, हा तुझा बाप का,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी आईच्या पाठीमागे माझ्याकडे डोकावून पाहिलं. “पण पोर इतकी घाबरलेली, तिच्या तोंडून शब्दच फुटेना.”

आणि ते पुढच्या पहिलवानाकडे वळले. मी कोंडून धरलेला श्वास सोडला, तर समोरच्या भट्टीतले विझत आलेले निखारे भाता न ओढता फुलले.