विमलताईंचा शनिवार

बातमी आली तेव्हा मी सहावीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडत होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण लागोपाठ तीनदा वृंदाचं नाव दिसलं म्हणून व्हरांड्यात आले. वृंदा म्हणजे विमलताईंची भाची, त्यांच्या भावाची मुलगी. गेली काही वर्षं नोकरीच्या निमित्ताने त्यांच्याकडेच राहायला होती. "मावशी, आत्या गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी झाडांना पाणी घालून आत आली. चहा ठेव म्हणाली आणि खुर्चीत बसली. मी कप घेऊन आले तर... मला वाटलं डोळा लागला." मी वर्गात परत गेले आणि अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं. "बाई, हातचा राहिला," असं एका मुलीने सांगितलं, तेव्हा खडू खाली ठेवला. तो गुरुवार होता. दोन दिवसांनी शनिवार येणार होता, आणि शनिवारी पाच वाजता आता काय करायचं, हा प्रश्न मला रडू येण्याच्याही आधी पडला.

विमलताई व्हायोलिन वाजवायच्या. फार मोठं नाव कधी झालं नाही. सायखेड्याच्या शेतकरी घरातली मुलगी, वडील गावच्या शाळेत मास्तर. त्यांनी हौसेने कुठूनसं एक जुनं व्हायोलिन आणलं आणि मुलगा हात लावेना म्हणून ते मुलीच्या मांडीवर ठेवलं. तिथून सुरुवात. पुढे नाशिकला आल्या, शिकल्या, चाळीसेक वर्षं गायकांना साथ केली, अधूनमधून स्वतंत्र वादनही केलं. लग्न केलं नाही. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर होतं आणि त्या घराला लागून गच्ची. खाली दिवसभर हॉर्न, ट्रक, रिक्षावाल्यांची भांडणं. आणि वर गच्चीत वांगी, मोगरा, गवती चहा, कारल्याचा वेल. कुंड्यांतली माती सायखेड्याहून भावाच्या शेतातून यायची, गोदावरीच्या गाळाची. शहरातल्या विकतच्या मातीला त्या हातात घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "हिला वासच नाही गं."

कार्यक्रम कमी होत गेले तेव्हा वृंदाने त्यांच्यासमोर फोन उभा केला आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांचं 'लाइव्ह' सुरू झालं. आधी दहा मिनिटं वादन आणि मग गप्पा. मी त्यांची जुनी श्रोती. पहिल्याच शनिवारी मी खाली लिहून विचारलं होतं की माझा कढीपत्ता वर्षभर वीतभरच का आहे. त्या दिवशी वृंदा घरी होती; तिने ते वाचून दाखवलं आणि ताईंनी विचारलं, "कुंडी कुठे ठेवलीय? पूर्वेच्या खिडकीत? मग तो बिचारा अर्धा दिवस उपाशी. उद्या कुंडी घेऊन या इकडे." मी खरंच घेऊन गेले, तीही रिक्षातून. तेव्हापासून दर शनिवारी मी तिथेच असायचे. ताईंना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नसत. लोक लिहितील ते मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं, असं काम मला लागलं. आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात आवडतं काम.

लोक काहीही विचारत. सातारा, मुंबई, कुठून कुठून. सटाण्याची एक सून स्वयंपाक करता करता ऐकायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले म्हणून तक्रार करायची. पिंपळगाव बसवंतचे रामदासभाऊ तिथल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला; चहाच्या सुट्टीत कानात वायर घालून ऐकायचे. ते लिहीत नसत, आवाज रेकॉर्ड करून माझ्या फोनवर पाठवत आणि मी तो फोन माइकजवळ धरायचे. "ताई, रामदास बोलतोय. ते मघाशी वाजवलं ना, त्यातलं मला काय कळत नाय, पण लय गार वाटलं. आन् तुमच्या वांग्याला कीड लागली म्हणता, तर लिंबोळीचं पाणी मारा." ताई त्यांच्याशी बोलताना आपोआप सायखेड्याच्या होऊन जात. "मारलं हो भाऊ, पन ती लय हट्टी हे." आणि मग पुढच्याच मिनिटाला यमनातला तीव्र मध्यम कसा लावायचा, यावर तल्लीन होऊन बोलत. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी एकाच घरातल्या होत्या. पाऊण तास कसा जायचा कळत नसे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी गेले काही आठवडे टाळाटाळ करते आहे.

एका शनिवारी त्यांनी भूप वाजवला. मी फोनवर नजर ठेवून होते. मधेच एका श्रोत्याने लिहिलं, 'ताई, आज व्हायोलिन सुरात वाटत नाही. तब्येत बरी आहे ना?' मला संगीतातलं फार कळत नाही, तरी काहीतरी खटकत होतं हे मलाही जाणवलं होतं. ताईंनी गज खाली ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणताहेत मंडळी?" मी वर सरकवलं आणि त्याच्या पुढचं वाचलं. कुणीतरी मोगऱ्याला कळ्या येत नाहीत म्हणून विचारलं होतं.

मला वाटलं, एखादा दिवस असतो. पण पुढच्या शनिवारी तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. कुणी काळजीने लिही, कुणी जरा खोचक लिही. मी ते मोठ्याने वाचत नसे. एकाने तर 'आता थांबायला हवं' असं लिहिलं, ते मी पुसूनच टाकलं. वृंदा त्या वेळी ऑफिसात असे, त्यामुळे हे फक्त मला माहीत होतं. मी स्वतःला सांगायचे, त्यांना वाईट वाटेल, आणि एवढा एक आनंद उरलाय तो कशाला घालवायचा. खरं कारण याहून साधं होतं. मला ते सांगायचं धाडस नव्हतं आणि शनिवार बंद पडायला नको होते. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. दोन वर्षं त्या दर शनिवारी लोकांसमोर बेसूर वाजवत होत्या आणि मी शेजारी बसून म्हणत होते, "सगळे छान म्हणताहेत, ताई."

त्यांना कळलं ते अगदी सहज. वृंदा सुट्टीच्या दिवशी जुने शनिवार बघत होती, लोकांनी लिहिलेलं सवयीने मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती गप्प झाली, पण ताईंनी पुढचं वाचायला लावलं. मग आणखी एक, आणखी एक. त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. गच्चीत नेहमीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आवाज चढला नव्हता.

"मालती, तू हे वाचलं होतंस?"

"हो."

"सगळं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या कारल्याच्या वेलाकडे वळल्या. "गाणाऱ्याच्या मागे बसून मी जन्म काढला," त्या म्हणाल्या. "कुणी पडायला लागलं की हळूच सूर द्यायचा, त्याला परत वर घ्यायचं, हेच काम केलं. आणि तू माझ्या शेजारी बसून मला पडू दिलंस." मी माफी मागायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. "आज नको. आज तू घरी जा."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान बराच गेलाय आणि उजवा त्याच वाटेवर आहे. शिवाय डाव्या कानात प्रत्येक सूर आहे त्यापेक्षा थोडा चढा ऐकू येत होता. एकच स्वर दोन कानांत दोन जागी. व्हायोलिनवर बोट कुठे टेकायचं हे कानच सांगतो, आणि त्यांचे दोन कान आपसात भांडत होते. पूर्वी दाखवलं असतं तर काही उपयोग झाला असता का, हे वृंदाने विचारलं. कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. हे मला वृंदाने सांगितलं. ताईंनी स्वतः कधीच नाही. तो 'कदाचित' मी रोज कुठे ना कुठे बरोबर घेऊन फिरते... शाळेत, बाजारात.

दोन महिने शनिवार झालेच नाहीत. मी त्यांच्या घराखालून जायचे, वर बघायचे, गच्चीच्या कठड्यावरून वेल लोंबताना दिसायचा, आणि जिना न चढता निघून यायचे. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "शनिवारी ये. अक्षरं कोण वाचणार?" त्या दिवशी त्यांनी व्हायोलिन बाहेर काढलंच नाही. फोनकडे बघून सरळ सांगितलं, "मंडळी, माझे कान गेले. गेली दोन वर्षं मी तुम्हाला बेसूर ऐकवत होते. तुम्ही सांगत होतात, ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. यापुढे वाजवणार नाही. झाडांबद्दल विचारा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. रामदासभाऊंचा आवाज आला, मी फोन त्यांच्या उजव्या कानाशी नेला. "ताई, रामदास. आम्ही काय सुराला येत नव्हतो वो. तुम्ही बोलत बसा. आम्ही हाय." ताईंनी डोळे पुसले नाहीत, ओले तसेच राहू दिले आणि विचारलं, "भाऊ, यंदा द्राक्षं कशी आहेत?"

त्यानंतरचे शनिवार नुसते मातीचे, खतांचे, कुणाच्या सांधेदुखीचे, कुणाच्या लेकीच्या बारावीचे. ऐकणारे हळूहळू कमी झाले. संगीताबद्दल कुणी विचारलं तर त्या दोन वाक्यांत उत्तर देत आणि पुढे जात. हसायच्याही. पण मधेच बोलता बोलता थांबत, डाव्या हाताची बोटं पदरावर आपोआप हलू लागत, आणि त्यांच्या लक्षात आलं की मूठ मिटून घेत. झाल्या गोष्टीवरून मला त्यांनी पुन्हा काही ऐकवलं नाही. जेवायला थांबवून घ्यायच्या, पालेभाजी बांधून द्यायच्या. मी मात्र वाट बघत राहिले की केव्हातरी त्या विषय काढतील आणि मला नीट माफी मागता येईल. त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. शेवटच्या शनिवारी निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या होत्या. "थंडी वाढलीय, डोक्याला बांधत जा काहीतरी," म्हणाल्या. हेच शेवटचं बोलणं. यात काही शोधायला जावं असं काही नाही, तरी मी शोधते.

त्या गेल्यानंतरच्या शनिवारी वृंदाने पाच वाजता लाइव्ह सुरू केलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. मी फोनसमोर बसू शकले नाही. रामदासभाऊ मात्र सोमवारी पिंपळगावहून बस पकडून आले, दारात चपला काढून बराच वेळ उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात आले होते. "मला वाटायचं, गच्ची मोठी आसंल," म्हणाले. मग वाकून सुकलेल्या कुंडीतली चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली आणि चहा न घेताच गेले.

गेल्या रविवारी वृंदाने मला आवराआवरीला बोलावलं. ताईंची आतली खोली मी फारशी पाहिलेली नव्हती. एक पलंग, एक कपाट, खिडकीशी सतरंजी. सतरंजी अंथरलेलीच होती. खालच्या मजल्यावरच्या काकू मदतीला आल्या होत्या, त्या सहज म्हणाल्या, "आता दुपारी फार शांत वाटतं. वृंदा कामावर गेली की दार लावून घ्यायच्या आणि वाजवत बसायच्या. गाणं असं नाही, एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा, शिकणारी मुलं करतात तसं." वृंदालाही हे माहीत नव्हतं.

कपाटातून पेटी काढली, व्हायोलिन उघडलं. बोटं ठेवायच्या काळ्या लाकडावर, तारांखाली, पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे आडवे लावलेले होते. सा कुठे, रे कुठे, ग कुठे. अगदी नवशिक्या मुलांना जागा कळाव्यात म्हणून लावून देतात तसे, पट्टीने मोजून. चाळीस वर्षं वाजवलेल्या बाईने कान सोडून डोळ्यांनी सूर शोधायला घेतला होता. सुरुवातीच्या पट्ट्या बोटांनी झिजून काळ्या पडल्या होत्या. पुढे पुढे त्या स्वच्छ होत गेल्या होत्या, शेवटच्या दोन तर अगदी कोऱ्या. तिथवर पोचायला त्यांना वेळ मिळाला नाही. किती वेळ लागला असता, मला माहीत नाही. दोन वर्षं आधी सुरुवात झाली असती तर त्या कुठवर गेल्या असत्या, हेही आता कुणी सांगू शकत नाही.

"काढून टाकू का या?" वृंदाने विचारलं. "कुणाला द्यायचं झालं तर..."

मी नको म्हटलं. मग सतरंजीवर बसले, व्हायोलिन मांडीवर घेतलं. मला वाजवता येत नाही. पहिल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि खिडकीतून द्वारकेचा आवाज येत असताना तसंच दाबून धरलं.