मुरलेलं तेल

आमच्या मोठ्या मामांनी जितकी डोकी धुतली तितकी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कुणीच धुतली नसतील, केस कापणारे धरून. मामा मेंदूचे डॉक्टर आहेत. परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यांनी बरीच वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केलं आणि मग ते गोंडपिपरीला येऊन फिट येणाऱ्यांचा दवाखाना थाटून बसले. का आलात, असं कुणी विचारलं की ते म्हणतात, "उंदीर कंटाळले होते." इथे त्यांना पहिली अडचण आली ती तेलाची. फिट कशाने येते हे पाहायला डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढावा लागतो, आणि तेलकट डोक्याला तार चिकटत नाही. आमच्याकडे तर डॉक्टरकडे जायचं म्हणजे चापूनचोपून तेल लावून, घट्ट वेणी घालून जायचं. विस्कटल्या केसांनी चारचौघांत कोण जातं? म्हणून दवाखान्यामागे नळाजवळ एक दगड, एक बादली, शाम्पूची बाटली आणि बाह्या वर सारलेले मामा. "तिकडचं संशोधन सोपं होतं," ते मला सांगत. "उंदीर तेल लावत नाई."

मामांना फिटीशिवाय जगात दुसरं काही दिसतही नाही. हिवाळ्यात ते वडशाला झाडीपट्टीचं नाटक पाहायला जातात. एकदा मुलाच्या मरणाची बातमी ऐकून नायक फिट येऊन कोसळला, सगळा मंडप डोळे पुसत होता, आणि मामा उठून उभे राहिले. "खोटी! खरी फिट आलेला माणूस पडाआधी जागा पाहत नाई." नट सज्जन होता. तो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात शिकायला आला आणि मामांनी त्याला जमिनीवर पडून दाखवून शिकवलं. पुढच्या प्रयोगाला तीन-चार प्रेक्षक हातात चपला घेऊन रंगमंचावर चढले, कारण फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावायची, असं इकडे मानतात. ती समजूत घालवण्यात मामांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "पोरानं काम मात्र मस्त केलं."

मग मामांचा हात कापायला लागला. ते काय आहे हे मेंदूच्या डॉक्टरला सांगायची गरज नव्हती, आणि त्यांनी ते आम्हालाही सांगितलं नाही. पण तार बोटभर सरकून चिकटली की आलेख बिघडतो, आणि तारा चिकटवणारं दुसरं कुणी नव्हतं. हात गेला की दवाखाना गेला. मग फिटवाल्यांनी नागपूर गाठायचं, म्हणजे बहुतेकांनी घरीच बसायचं. तेव्हा मामांनी बाजारातल्या उवा काढायच्या सगळ्या फण्या विकत घेतल्या. डॉक्टरभाऊंच्या घरी उवा झाल्याची बातमी पोंभुर्ण्यापर्यंत पोचली. मामा मात्र फणीसारख्या दातांची टोपी बनवत होते. तिचे दात कितीही तेलकट केसांतून थेट कातडीपर्यंत पोचावेत आणि ती कुणीही कुणाच्याही डोक्यावर चढवावी, असा बेत होता. टोपीसाठी कंपनी काढली. मामा मालक आणि मी कंपनीचं इंग्रजी. ते मला लिहिता चांगलं येतं. बोलायची वेळ आली की मी पाणी प्यायला जाते.

पैसे घालायच्या आधी टोपी चालताना पाहायला हैदराबादहून दोन पाहुणे आले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर टोपी फण्यांच्या ढिगातच राहिली असती. त्या दिवसासाठी मामांनी जुन्या पेशंट सुगंधाबाईंना बोलावलं होतं. त्या आपल्यासोबत आणखी बाया घेऊन आल्या. सगळ्यांचे केस मोकळे, भुरभुरीत, उन्हात चमकणारे.

"बाई, तेल कुठी आहे?" मामांनी विचारलं.

"तेल? मोठे पाहुणे येऊन राह्यले, आन् तेलाचं डोस्कं घेऊन येऊ? तुमची इज्जत नाई का राखाची? साऱ्या जणी तळ्यावर घासून आलो."

"आजच काऊन घासलं?"

"घ्या! इतके साल तुमीच घासून देत होते, भाऊ. आता कुठी आमाले समजलं, तं तुमी बोंबलता!"

मी हळूच म्हटलं, दुकानातून तेल आणू का? मामांनी मान हलवली. "ताजं तेल वरवर राहते. मुरलेलं पायजे." आणि ते माझ्या डोक्याकडे पाहू लागले. शाळेत मुली तेलावरून हसायच्या, म्हणून मी केसांचा घट्ट अंबाडा घालते. पण आई रोज चोपडते ते तेल अंबाड्यात लपत नाही.

पाहुण्यांसमोर मी टोपी घालून बसले. मशीनच्या पडद्यावर नुसती काळी गिचमिड उमटली. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मामा वाकून म्हणाले, "पोरी, दात सोड. तू दात आवळले का मशीनले मेंदू नाई, जबडाच दिसते."

मी सोडले नाहीत. सुटेनातच.

"इंग्रजी मी बोलतो त्याइच्यासंग," मामा म्हणाले. "तुले एक शब्द बोलाचा नाई. डोळे मीट."

माझा जबडा सुटला. मिटल्या डोळ्यांनी मला फक्त सुगंधाबाईंचा आवाज आला, "अगं माय, तळ्यावानी लाटा!"

आता त्या टोप्या आरोग्यसेविकांच्या गाडीवरून जंगलातल्या गावांपर्यंत जातात. केस धुवायची कुणालाच गरज नाही. तरी दवाखान्याच्या दिवशी नळाजवळ बायांची रांग असते. सुगंधाबाई दगडावर बसतात आणि वेणी सोडून मान खाली घालतात. "टोपी राहू द्या, भाऊ. तुमी घासून देल्लं का डोस्कं हलकं लागते."

मामा बाह्या वर सारतात. हात आता बराच कापतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. पण भरपूर फेस झाला, की त्यात हात कापतो आहे की डोकं चोळतो आहे, हे कुणालाच कळत नाही. सुगंधाबाई दरवेळी शाम्पू जरा जास्तच ओतायला लावतात.