व्हर्नाची चूक

व्हर्ना स्कोगस्टाडला आपण ओळखत होतो, असं एल्डन क्राउझला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ती एकटी राहायची, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि ऑस्टबी गावच्या साप्ताहिकातलं अक्षर न् अक्षर छापण्याआधी वाचायची. त्याला ठाऊक होतं ते एवढंच.

साप्ताहिकात तिचं एक लहानसं सदर होतं. ज्यांची लोक हमखास गल्लत करतात, अशी शब्दांची एक जोडी ती दर आठवड्याला घ्यायची. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं. उदाहरणाला गावातलीच कुणाची तरी शिडी असायची, आणि ती परत न करणाऱ्याला ते बरोबर झोंबायचं.

गुरुवारी अंक आला की कॅफेतल्या लांब टेबलावरची मंडळी त्यात चुका शोधत. पहिली चूक ज्याला सापडेल त्याची कॉफी फुकट. आणि ज्याच्या मजकुरात ती सापडेल, त्याची आठवडाभर टिंगल. व्हर्नाच्या सदरात मात्र कुणाला कधीच काही सापडलं नव्हतं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

मार्चमध्ये एल्डनची बायको आर्लिस गेली. साप्ताहिकात छापायला तिच्यावर चार ओळी लिहून तो व्हर्नाकडे गेला. दुसऱ्याच्या लिखाणावर व्हर्ना कधी लाल रेघ ओढत नसे. दार लावायची, कॉफी द्यायची आणि ज्याचं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायची. एल्डननं वाचलं. शेवटच्या ओळीत आर्लिसचं रोजचं दुपारचं वाक्य होतं : ‘मी जरा ले डाउन करते.’

“तिथं ‘लाय’ हवं,” व्हर्ना हळूच म्हणाली. “‘ले’ म्हणजे वस्तू खाली ठेवणं. आपण आडवं होणं म्हणजे ‘लाय’.”

“ठाऊक आहे गं. तुझ्याच सदरात वाचलंय. पण ती जन्मभर असंच म्हणायची. बदललं तर ते दुसऱ्याच कुणा बाईचं बोलणं होईल.”

“गुरुवारी ते टेबल सोडणार नाही तुला.”

“मला हसू देत. तिला हसलेलं मात्र मला सोसणार नाही.”

व्हर्नानं कागद घेऊन छापायच्या गठ्ठ्यात ठेवला. मग म्हणाली, “राहू दे तसंच.”

गुरुवारी एल्डन टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसला. बर्ट नायगार्डनं अंक उघडला आणि टेबलावर थाप मारली. “अरे, व्हर्ना चुकली रे! ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे वगळणं म्हणे, आणि ‘एक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणं!” मग काय, अंक हातोहात फिरला. बाईला चष्मा घेऊन देऊ या, वर्गणी काढा, असं बराच वेळ चाललं. श्रद्धांजलीचं मागचं पान उघडेपर्यंत फुकटची कॉफी पिऊन झाली होती. आर्लिसची ओळ बर्टनंच वाचली. “अगदी अशीच बोलायची रे,” एवढंच म्हणाला.

पुढे कित्येक दिवस लोक व्हर्नाला रस्त्यात थांबवून चिडवत. ती हसून पुढं जायची. त्या जोडीत तिची गल्लत होईल, हे एल्डनला कधीच पटलं नाही. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. त्याआधी शेवटचं एकदा दोघं पोस्टाच्या दारात भेटली होती.

“आज वारा फार आहे,” एल्डन म्हणाला.

“आहे खरा. कानटोपी घाल रे,” ती म्हणाली.