निरोगी गटातली दिपाली

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या पुढं जी वस्ती आहे, तिथल्या दिपालीला काही आजार आहे असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पहाटे चार जर्सी गाया पिळायच्या, दूध डेअरीला घालायचं, आठ माणसांच्या भाकरी थापायच्या, दुपारी कांद्यात खुरपायचं आणि दिवस कलला की पुन्हा गाया. बाई नाही, बैल आहे बैल, असं लोक कौतुकानं म्हणायचे. आणि बैलाला कोण विचारतं हो, बाबा, तुझ्या मनाला बरं वाटतंय का म्हणून!

माहेर शनिशिंगणापूरचं. बाप देवळाच्या वाटेवर रुईच्या माळा आणि तेलाच्या बाटल्या विकायचा. पोरगी भारी बोलकी, समोर आलेलं गिऱ्हाईक माळ घेतल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. बारावी झाली आणि एकोणिसाव्या वर्षी कानिफनाथशी लग्न होऊन इकडं आली. नवरा बरा होता. पीत नव्हता, हात उचलत नव्हता. पार्थ झाला, तो शाळेत हुशार निघाला. वर्षं गेली.

मग तीन वर्षांपूर्वी ऐन कांदा काढणीत काहीतरी झालं. काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. कारण असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्या नावानं रडता तरी आलं असतं. अन्नाची चव गेली. भाजीत मीठ घातलं की नाही हे कळेना, दोनदा घालू लागली. अंगावर भिजलेली गोधडी टाकल्यासारखा दिवसभर जडपणा. पार्थ पहिला आला म्हणून नाचत घरी आला, तिनं तोंडभर हसून त्याला साखर दिली, आणि आत काही म्हणजे काही हललं नाही. त्या दिवशी ती घाबरली. पोटच्या पोराचा आनंद होत नाही, म्हणजे आपण आई आहोत का कोण? विहिरीवर मोटार चालू करायला गेली की पाण्याकडं बघत राहायची. मग मोटार चालू करून परत यायची. काम थांबलं नाही, आणि जे काम करतं त्याला काय होतंय, असा आपल्याकडचा हिशेबच आहे.

सांगणार तरी कुणाला? कारण आजारी पडण्याची जागा घरात आधीच भरली होती. थोरली जाऊ ज्योती वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेली. ती मोठ्यानं रडायची, जेवायची नाही, एकदा विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली तेव्हा चार माणसांनी धरून आणलं. आधी अंगारे-धुपारे झाले, मग नगरचं हॉस्पिटल झालं. तिथं त्याला नैराश्य म्हणतात असं कळलं. ज्योतीच्या वाटणीचं सगळं काम दिपालीवर आलं. त्याचा राग नव्हता तिला. खोटं कशाला बोला, हेवा होता. त्या बाईला निदान रडता येतं, आणि लोक मान्य करतात.

सासू बनुबाई म्हणजे हिशेबी बाई. तिच्या काळजाला एकच घोर लागलेला, शेवटच्या लेकीचं लग्न. "एक सून येडी म्हनल्यावर लोक कुजबुजत्यात. दोन निघाल्या तर माज्या लेकीला दारात कोन उभं करील?" हे ती चुलीपाशी बसून दिपालीलाच ऐकवायची. दिपाली मान डोलवायची.

अशात देवश्री आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतली तरुण डॉक्टरीण, नगरच्या हॉस्पिटलात संशोधन करत होती. नैराश्याच्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढायचे, धडधाकट माणसांचेही काढायचे, आणि दोन्हीत काय फरक दिसतो ते शोधायचं. ज्योतीचं नाव आजारी गटात लागलं. आता तिच्याच वयाची, तेवढीच शिकलेली, तिच्याच गावची एक निरोगी बाई हवी होती.

"लांब कशाला जाता?" बनुबाई म्हणाली. "आमची धाकली न्या की. लोखंड हाय नुसतं!"

दिपालीचं काळीज धडधडलं. भीतीनं नव्हे हो, आशेनं! मशीन डोक्याच्या आतलं बघणार. म्हणजे तोंडानं काही सांगायलाच नको. लाज नको, नणंदेचं लग्न मोडायची धास्ती नको. मशीनच सांगेल, या बाईला बरं नाही म्हणून. मग कोण काय बोलणार?

नगरला गेल्यावर आधी प्रश्नावली होती. ही माणसाला एकट्यालाच विचारायची असते. देवश्रीला ते पक्कं माहीत होतं, पण मशीनची वेळ ठरलेली, बाहेर रांग लागलेली, आणि बनुबाई तर खुर्ची ओढून बसलीसुद्धा. बसलेल्या म्हातारीला उठवणार कोण?

"गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असं झालं का?"

"तिला कुठला येळ मन लावायला," बनुबाई म्हणाली. "न्हाई म्हनून लिवा."

"झोप? भूक?"

"झोपती बी, खाती बी."

देवश्रीनं दिपालीकडं पाहिलं. दिपालीनं सासूकडं पाहिलं आणि ती म्हणते तसंच, अशी मान हलवली. शेवटचा प्रश्न होता, मरून जावं असं मनात येतं का?

"अगं बया!" बनुबाई उसळली. "भरल्या घरातल्या सवाष्णीला असलं इचारत्यात व्हय?"

"न्हाई," दिपाली म्हणाली. तिला वाटलं, विचारू दे काय विचारायचं ते. खरं काय ते आत गेल्यावर कळणारच आहे.

मग अंगावरचा धातू उतरवायची वेळ आली. जोडवी, नथनी निघाली. मंगळसूत्राला मात्र बनुबाई आडवी पडली. शेवटी तिनंच पिशवीतून हळकुंड काढलं, दोऱ्यात ओवून सुनेच्या गळ्यात बांधलं आणि मंगळसूत्र स्वतःच्या कनवटीला खोचलं. सुनेच्या डोक्यात काय आहे त्याची फिकीर नाही, पण गळा मोकळा दिसता कामा नये!

मशीन गरगरायला लागलं. ठणाठणा, खडखड, कानात बोळे घातले तरी दात हलत होते. दिपाली डोळे मिटून पडली आणि कामाला लागली. होय, कामाला! तीन वर्षांत जे दाबून ठेवलं होतं ते एकेक करून तिनं वर काढलं. पार्थचा तो पहिला नंबर आणि आतलं ते गार पडणं. विहिरीचं पाणी. कांद्यावर मारायच्या औषधाचा डबा, जो तिनं एकदा हुंगून पाहिला होता. दवाखान्यात जखमेवरची पट्टी सोडून दाखवावी तसं ती दाखवत गेली. बघा, हे बघा, हे पण बघा. अर्धा-पाऊण तास. डोळ्यांतून पाणी कानात गेलं, पण हलायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

"वा ताई!" फोटो काढणारा म्हणाला. "एक तसूभर हलला नाहीत. एवढं निवांत कुणी पडत नाही बघा!"

पुढचा महिना ती तरंगत होती. रिपोर्ट यायचा होता. गाया पिळताना एकदा चक्क गुणगुणली. कानिफनाथनं विचारलं, "काय गं, लई खुशीत?" ती म्हणाली, "उगंच." तीन वर्षांतली ती पहिली खरी खुशी असेल.

देवश्री स्वतः वस्तीवर आली. ज्योतीला गोळ्या लागू पडत होत्या, ती उठून बसत होती. ओसरीवर सगळे जमले. कानिफनाथनं विचारलं, "मॅडम, मशिनीत वहिनीचं दुखनं दिसलं का?"

देवश्रीनं नीट समजावून सांगितलं. एकट्या माणसाचं नैराश्य अशा फोटोत दिसत नाही. शंभर आजारी आणि शंभर निरोगी माणसांची सरासरी काढली तर कुठं थोडा फरक कळतो. एकाचा फोटो बघून तो उदास आहे की नाही हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. ते माणसाला विचारूनच कळतं.

हे ज्या एका बाईनं ऐकायला हवं होतं, ती तेव्हा आत चहा गाळत होती.

कप घेऊन बाहेर आली तेव्हा देवश्री तिचा कागद वाचत होती. "दिपालीताईंचा मेंदू अगदी छान आहे. कुठं गाठ नाही, दोष नाही. निरोगी सहभागी म्हणून त्यांचं नाव लागलंय. थँक्यू हं ताई."

दिपालीच्या हातातला ट्रे हलला नाही. तिनं सगळ्यांना चहा दिला.

बनुबाईला तर सोन्याची खाणच सापडली. तिनं तो कागद बेलापुरात जाऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला. नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा पोह्यांबरोबर तोही पुढं केला. "थोरलीचं नशीब म्हना. पन घर निकोप हाय आमचं. ही बगा धाकली, सरकारी शिक्का हाय." सरकारी कसला, संस्थेचा होता, पण पाहुण्यांना पटलं. सोयरीक जमली.

एकदा, एकदाच दिपालीनं तोंड उघडलं. नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला बरं न्हाई. लई दिवस झाले. जगावंसंच वाटत न्हाई."

कानिफनाथनं आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाला, "वहिनीचं बगून सुचलं व्हय हे? तिला बसून खायला मिळतंय म्हनून? आगं, मशिनीनं डोकं उघडून बघितलं तुजं. काय हाय त्यात? सांग ना, काय हाय?" तो दुष्ट नव्हता, आणि हेच वाईट होतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आणि मग दिपालीलाही तसंच वाटू लागलं. तिनं तर मशीनपुढं काही राखून ठेवलं नव्हतं. सगळं उघडं करून दाखवलं, आणि मशीनला काही सापडलं नाही. मग याला आजार कसं म्हणायचं? ज्योतीअक्काचा तो आजार. आपली ती जात. आपण मुळातच वाईट बाई आहोत, पोराची माया नसलेली, कामचुकार मनाची.

घरात हे ओळखलं फक्त ज्योतीनं. बरी होत होती ना, तिला वाट माहीत होती. दिपालीचं ताटातलं अन्न चिवडणं, विहिरीवर रेंगाळणं तिनं महिनाभर पाहिलं. वर्षानं दोघींना पुन्हा फोटोसाठी नगरला बोलावलं, तेव्हा तिनं देवश्रीचा हातच धरला. "मॅडम, माजं राहू द्या. हिला इचारा. एकटीला इचारा. माज्यावानीच हाय हिचं."

देवश्री चपापली. या वेळी तिनं चूक केली नाही. बनुबाईला बाहेर बसवलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि अगदी बहिणीसारखं विचारलं. घाई केली नाही. सगळे प्रश्न पुन्हा, एकेक करून. शेवटचाही.

दिपाली विचार करून उत्तर देत होती. तिला खोटं बोलायचं नव्हतं. मरावंसं तर सगळ्यांनाच वाटत असणार, तिला वाटलं. भली माणसं ते गिळून कामाला लागतात. आपल्या मनाचा नाकर्तेपणा शिकलेल्या बाईपुढं आजार म्हणून मिरवायचा, एवढं पाप तरी आता नको.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मला आजार न्हाई. तुमीच तर मशिनीत बघितलंय."

देवश्रीनं श्वास सोडला. तिची शंभर निरोगी माणसं शंभरच राहिली. ज्योतीच्या कागदावर तिनं लिहिलं की पेशंटला घरातल्या इतरांच्या आजाराविषयी शंका येतात, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ते वाचून ज्योतीची गोळी अर्धीची एक केली. दालनाबाहेर बनुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "येड्याला सगळं जगच येडं दिसतं बाई."

ज्योती रडत होती. जीपमध्ये बसताना दिपालीनं तिला हाताला धरून वर घेतलं, पदरानं तिचे डोळे पुसले आणि मायेनं म्हणाली, "अक्का, गोळी येळेवर घेत जावा."