बिनलाकडाचं छप्पर

अल्लीपूरला आमच्या समोरच रूपराव कुंभाराचं घर. माणूस सरळ, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की जेवणाखाण्याची शुद्ध नाही. ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आली, त्यांचं चाक गप्प बसू लागलं, तेव्हा पन्नाशीतला हा माणूस एकोणऐंशी साली वर्ध्याजवळच्या एका केंद्रात मातीची घरं बांधायला शिकायला गेला. गावात हसणारे पुष्कळ. कुंभाराला माती शिकवतात म्हणे! मला त्या हसणाऱ्यांचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. त्यांच्यातला एकही जण पन्नाशीत काही नवं शिकला नाही.

रूपराव शिकून आले ते नवंच कौल घेऊन. चाकावर घडवलेलं, पेल्याएवढं, आतून पोकळ, एका टोकाला निमुळतं. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात घालत गेलं की कमान होते, कमानीला कमान लावली की छप्पर. लाकडाचं नाव नाही. जंगल वाचतं, आणि पोकळीमुळे उन्हाळ्यात आत गारवा. आपल्या झोपडीशेजारीच त्यांनी अशी एक खोली उभी केली. मातीच्या भिंती, वर हे छप्पर, सांधे चिखलाचे. छपरावर चार दांडगी पोरं उभी करून दाखवली. काही हललं नाही.

फक्त त्यांची बायको, विमलाबाई, त्या खोलीत पाऊल टाकेना.

वर्षभर नवरा नव्या खोलीत आणि बायको जुन्या झोपडीत. जेवणाचं ताट अंगणातून जायचं. गाव म्हणे, मडकं मयतापुढं जातं, ते डोक्यावर कोण घेईल? बाई भ्याली. रूपरावांनाही तेच वाटायचं. त्यांनी समजूत घातली, चिडले, रुसूनही पाहिलं. विमलाबाई शब्द बोलली नाही. दोघं एकमेकांवाचून सुकत चालले होते आणि पाहून माझाच जीव कळवळायचा.

मग त्यांच्या लेकीचं, जयवंताचं, पहिलं बाळंतपण माहेरी ठरलं. तेही ऐन वैशाखात. झोपडीत नुसती भट्टी. रूपराव अंगणात हात जोडूनच उभे राहिले.

"अवं, पोरीसाठी तरी चाल. केंद्रात शिकवलं तसं एकेक कौल पाण्यात बुडवून पायलं, वजन ठेवून पायलं. एकही कच्चं नाई."

"अन् मी?" विमलाबाई म्हणाली. "इतके वर्सं झाले, माह्या टिचकीबिगर या घरातून एक गाडगं तरी बाहेर गेलं का? अन् एवढं छप्पर चढवलं, मले एका शब्दानं इचारलं नाई. मले मयताचं भेव नाई, अजी. ते मडके मीच तर देत राह्यली लोकायले."

खरंच होतं. आव्यातून भाजून निघालेलं प्रत्येक भांडं विमलाबाई बोटानं वाजवून पाहायची. खणखणलं तर विकायला, बद्द वाजलं तर बाजूला. रूपरावांचा हात आणि तिचा कान, यांवर ते घर चाललं होतं. हे आम्हा समोर राहणाऱ्यांनाही कधी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रूपरावांची स्वारी छपरावर! वर्षभर टिकलेलं, चांगलं उभं असलेलं छप्पर ते उतरवत होते. मी ओरडलो, "रूपरावजी, येड लागलं का?" ते नुसते हसले. सांधे चिखलाचे होते म्हणून बरं. सिमेंट असतं तर एक कौल धड हाती लागलं नसतं.

अंगणात ढीग लागला. विमलाबाई पदर खोचून बसली आणि एकेक वाजवू लागली. जयवंता पोट सावरत दारातून पाहत होती. मीही कामं सोडून बसलो. एखादं तरी बद्द वाजावं असं मला मनापासून वाटत होतं, नाहीतर बाईचा मान कसा राहणार? पण शेवटचं कौलही खणखणलं.

"एकही नाई?" रूपरावांनी विचारलं.

"नाई. चढवा आता. मी देतो एकेक हातात," विमलाबाई म्हणाली.

"मले मालूमच होतं," ते म्हणाले आणि थकून तिच्याजवळ मटकन बसले.

"मंग काऊन उतरवले?"

"तुह्या हाताखालून गेले नव्हते नं."

आजवर चारचौघांत नवऱ्याचं नाव न घेतलेल्या त्या बाईनं आमच्यासमोर हात पुढं केला, त्यांच्या टकलावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"कौलं सारे खणखणीत हायेत," ती लेकीला म्हणाली. "हे एवढंच बद्द वाजते."