आपल्या माणसाकडे मागितलेली फर्द

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो सुभेदारकाकांचा. चंदीगडशेजारच्या डेराबस्सीजवळ माझं दोन खोल्यांचं घर उभं आहे ते त्यांच्यामुळे. त्यांचं स्वतःचं मात्र कधी झालं नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

काका साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथंच घर बांधायचं म्हणून चंदीगडला राहिलेले. सेक्टर बावीसमध्ये आम्ही एकाच मजल्यावर भाडेकरू होतो. जमीन दाखवणारा दलाल फार बोलू लागला की काका हातातली काठी मातीत रोवत आणि दरडावून विचारत, "बात बाद में जी. फर्द कहाँ है?" आपल्याकडे सातबारा, तशी इकडे फर्द.

"फाईल बन रही है अंकलजी. पक्का."

"तो बनने के बाद बुलाना," म्हणत काका चालू लागत.

मी डेराबस्सीच्या औषध कारखान्यात तपासनीस. शिक्षण तालुक्याच्या शाळेत, घरात पदवी घेतलेला पहिला. पोरानं जागा घेतली हे आईच्या कानावर घालायची मला भारी घाई. पहिलाच प्लॉट पाहिला आणि त्याच दिवशी इसार द्यायला निघालो. काकांनी दलालादेखत झापलं, "कागद बघितल्याबिगर कारखान्यातनं एक गोळी भाईर सोडतोस का रं? मग जमिनीला सूट कशापायी?" त्यांनी मला तहसिलात नेलं, फर्दीची नक्कल माझ्याच हातानं काढायला लावली. जमीन पंचायतीची निघाली. विकणाऱ्याची नव्हतीच.

पुढची जागा त्यांनी दोनदा दाखवायला लावली, दुसऱ्यांदा मुद्दाम पाऊस पडून गेल्यावर. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय मला परतू दिलं नाही. "पाणी कुटं साचतंय ते दलाल सांगायचा न्हाई. हा सांगंल." ती जागा मी घेतली.

"काका, मग तुमची कुठंय?" खरेदीच्या दिवशी मी आनंदाच्या भरात विचारलं.

त्यांनी ट्रंकेतून एक मुखत्यारपत्र काढलं. ना खरेदीखत, ना फर्द. विकणाऱ्याला सगळे 'भाऊ' म्हणत; इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत उभा राहणारा. बदली होऊन आलेल्या, घाईतल्या माणसांना तो हेरायचा. परमुलखात कुणी मराठीत "काळजी नको, मी आहे ना" म्हटलं की आम्ही विरघळतो. काकांच्या प्लॉटवर आता दुसऱ्याच कुणाचं घर होतं.

"तुम्ही फर्द मागितली नाही?"

"आपल्या माणसाला कागद कसा मागायचा? लाज वाटली रं."

मी भडकलो. "अख्ख्या पंजाबला दरडावता आणि दरवर्षी ह्याच्या हातून मोदक घेता?"

"मंडळात तमाशा नको," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पुढे ते गावी सख्ख्या भावाच्या घरात राहायला गेले. बसस्टँडवर निरोप देतानाही माझा राग गेलेला नव्हता. यंदा गणपती उठल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं.

"तीर्थरूप काकांस, साष्टांग नमस्कार.

यंदा आरतीनंतर भाऊ नव्यानं आलेल्या एका मेजरसाहेबांना प्लॉटचं सांगत होता. मी विचारलं, 'भाऊ, फर्द कुठाय?' तो हसला. 'अरे, आपल्याच माणसांत कागद कसले?' मी पुन्हा विचारलं, तुमच्यासारखं, दरडावून. मग विद्यापीठातल्या मॅडम मागून म्हणाल्या, 'मलाही नाही मिळाली.' त्यांच्यामागून आणखी दोघं बोलले. इतकी वर्षं ही सगळी माणसं एकमेकांशेजारी उभी राहून आरती म्हणत होती, काका!

तिघांनी पोलिसांत तक्रार दिली आहे. जमीन मिळेल की नाही, मला माहीत नाही. चौथं नाव तुमचं हवं. ट्रंकेतल्या कागदाची प्रत सही करून पाठवा. लाज त्याला वाटू दे.

माझा तुमच्यावरचा राग अजून आहे. प्रत आली की जाईल.

तुमचाच,
शेजारच्या खोलीतला."