चाकाखालचं तेल

नोकरीतले पुष्कळ गुन्हे विसरलो. लालबागच्या खटाऱ्याचा तेवढा विसरता येत नाही.

तेव्हा मी लालबागच्या चौकीवर जमादार होतो. बिऱ्हाड कोकणात, मी चौकीमागच्या खोलीत एकटा. शाळा इंग्रजीत झालेली, म्हणून मोठ्या साहेबांना पाठवायचे रिपोर्ट लिहायला माझ्याकडे येत. त्यामुळे शिपाई जरा अंतर ठेवून असत. मलाही ते बरं वाटे. बोलण्यापेक्षा बघणं मला सोपं जाई.

एका सकाळी कापसाच्या गासड्यांनी भरलेला खटारा परळकडे जाताना त्याचं डावं चाक निखळलं. अशा जड खटाऱ्यावर दोन माणसं असतात. एक बैल हाकतो, दुसरा ओंडका घेऊन चाकाशेजारून चालतो. चढावर गाडी मागे सरली, तर चाकाला अडसर लावायला. गासड्या त्या दुसऱ्यावर कोसळल्या. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला.

मी पंचनामा संपवतो आहे तोच खटारा ज्या तबेल्याचा होता तिथला मुकादम चौकीत आला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "जमादारसाहेब, माझं नाव येऊ देऊ नका. गाडीवानानं पहाटेच ताडी ढोसली होती. चाकाकडं बघतोय कोण?"

गाडीवान साताऱ्याकडचा, चाळिशीतला. मेलेला त्याच्याच गावचा. प्रभादेवीला मासळी वाळत घालतात त्याच्या पाठीमागे दोघांची एक खोली होती. त्याच्या तोंडाला ताडीचा वास नव्हता. मी जबानी घ्यायला बसलो.

"प्यायला होतास?"

"न्हाई."

"मग चाक कसं निघालं?"

"वंगण म्या घातलं व्हतं. आमच्यात ज्याचा हात, त्याचं चाक. लिवून घ्या, गुन्हा माझा."

आणखी काही विचारलं की तो 'गुन्हा माझा' एवढंच पुन्हा म्हणे. हयगयीनं माणूस मारल्याचा गुन्हा, कबुली आयती हातात. तुरुंग ठरलेलाच होता. शिपाई म्हणाला, "साहेब, कबूल झालाय, आता घोळ कशाला?"

मोडका खटारा मुद्देमाल म्हणून चौकीच्या अंगणात आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर एकटाच जेवत होतो. चौकीचं मांजर रोज माझ्या ताटाशी येई. जेवताना मला तेवढीच सोबत. त्या दिवशी ते आलं नाही. बघतो तर खटाऱ्याखाली बसून काहीतरी चाटत होतं.

मी हात धुऊन खाली वाकलो. जे चाक जागेवर होतं त्याच्या तुंब्यातून, आस फिरतो त्या मधल्या लाकडी गाभ्यातून, काळपट तेल ठिबकून फरशीवर पसरलं होतं. वंगण असं वाहत नाही. एरंडेलात काजळी घोटून केलेलं वंगण घट्ट असतं, तुंब्याला धरून राहतं. हे पाण्यासारखं पातळ होतं. बोट लावून नाकाशी नेलं आणि ओळख पटली. समोरच्या वाण्याकडून एरंडेल आणवून शेजारी थोडं ओतलं. मांजरानं ते हुंगलं, मिशा झटकल्या आणि पुन्हा जुन्या डागाकडे वळलं.

निखळलेल्या चाकाचा तुंबा आतून कोरडा होता, लाकूड घासून करपलं होतं. तेल वाटेतच गळून गेलं होतं.

गाडीवानाला विचारलं, "खटाऱ्याला वंगणाचं शिंग लटकवता, त्यात तेल कोण भरतं?"

"मुकादम. पहाटेला समद्यांची शिंगं त्योच भरतो."

"वास नाही आला तुला?"

"आमच्या खोलीत भाकरीला बी मासळीचा वास येतो, साहेब."

मुकादमाला बोलावलं. त्याच्यासमोर खटाऱ्याला लटकवलेलं शिंग ठेवलं.

"एरंडेल आहे ना हे? घ्या, जरा जिभेला लावा."

"माझं पोट साफ आहे, साहेब."

"मग नुसता वास घ्या."

त्यानं शिंग उचललं नाही. वरळीची एक कोळीण तेल विकायला तबेल्यात येई. तिला आणवलं. तिनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "मुशीचं तेल हाय, माजंच. होरीला फासाला नेतान. गारीला कुनी लावतंय का रं मेल्या?" तेव्हा मुकादमानं सगळं कबूल केलं. मालकानं दिलेलं एरंडेल तो बाहेर विकत होता आणि होड्यांना फासायच्या माशाच्या तेलात काजळी कालवून शिंगं भरत होता.

गाडीवानाला सोडताना मी म्हणालो, "तुझा काही दोष नाही. रिपोर्टात तसं लिहिलंय."

तो उंबऱ्याशी थांबला. "कोन्त्या भाषेत लिवलंय?"

"इंग्रजीत."

"ज्यो गेला त्येला वाचता येत न्हवतं. मला बी न्हाई." उंबरा ओलांडताना म्हणाला, "हात माझाच व्हता." आणि प्रभादेवीच्या रस्त्याला लागला. त्या खोलीत आता दुसरं कुणी नव्हतं.

तेल कुठून गळलं हे शोधता येतं, कुणी घातलं हेही शोधता येतं. त्यापुढे पोलिसाचं काम संपतं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. निर्दोष ठरवलेला माणूस निर्दोष होऊन घरी जातोच असं नाही.

पुढे माझी बदली होईपर्यंत त्याचा खटारा चौकीसमोरून जाई. निघण्याआधी तो वंगण जिभेला लावून बघतो, असं शिपाई हसून सांगत. नव्या जोडीदाराला तो वर बैलांपाशी बसवी आणि स्वतः ओंडका घेऊन डाव्या चाकाशेजारून चाले. आमची नजरानजर होई. रामराम त्यानं कधी केला नाही, मीही केला नाही.